पोचवणारे अण्णा

अण्णांनी कुणाला पत्ता सांगितल्याचं मी कधी पाहिलं नाही. विचारणाऱ्याला ते पोचवून येत. कन्नड मुलखात, मळमड्डीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, घरापुढे दगडी कट्टा आणि कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले अण्णा. कुणी नवखा माणूस हातात चिठ्ठी घेऊन समोर उभा राहिला, की ते पेपराची घडी घालत, चपला चढवत आणि म्हणत, "चला की." माणूस कन्नड असला तर तेच कन्नडमध्ये, "बर्री, तोरस्तेनि." मग घर चार पावलांवर असो नाहीतर पार स्टेशनापलीकडे, अण्णा दारापर्यंत जात, कडी वाजवत आणि आतल्या माणसाशी गाठ घालून देऊनच परतत. एकदा जेवता जेवता उठले आणि एका विमा एजंटाला उष्ट्या हातानं वकिलांच्या घरी सोडून आले. वकील त्या एजंटाला चुकवण्यासाठी आठवडाभर मागच्या दारानं ये-जा करत होते. ते पुढे महिनाभर अण्णांशी बोलले नाहीत.

निघण्याआधी मात्र अण्णा उलटतपासणी घेत. कुलकर्णी म्हणजे कुठले कुलकर्णी? मास्तर की बँकेतले? उंच की ठेंगणे? आमच्याकडे हे विचारावंच लागतं म्हणा. मळमड्डीत दगड भिरकावला तर तो कुलकर्ण्यांच्या नाहीतर देशपांड्यांच्या अंगणात पडणार, आणि त्यातले निम्मे मास्तर. तरीसुद्धा पाच-पाच प्रश्न? समोरचा घायकुतीला येई. "अहो, लग्नाची पत्रिका द्यायचीय फक्त!" असं एकानं म्हटलं, तर अण्णा शांतपणे म्हणाले, "असू दे की. पत्रिका भलत्या घरी गेली तर अक्षता टाकायला भलतेच येतील."

गंमत म्हणजे या माणसानं नोकरीभर सरकारी खात्यात नकाशे काढले होते. उजव्या हाताच्या तर्जनीत कधीतरी टाक घुसून शाई आत गेली होती. तो काळा ठिपका गोंदल्यासारखा कायम राहिला. पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले, फोनच रस्ता दाखवू लागले, तेव्हा आम्ही अण्णांना चिडवलं, की आता तुमचं दुकान बंद. पण फोन पोरांना आणून सोडायचा तो गटाराच्या कडेला. पाठीवर जेवणाची पेटी लावलेली पोरं स्कूटर थांबवून अण्णांकडेच यायची, "अज्जा, हे घर कुठलं?" म्हणायची. अण्णा त्यांच्या मागच्या सीटवर बसून जायचे आणि चालत परत यायचे. ऐंशी उलटली तरी हे चालू होतं.

मी त्यांच्या समोरच्या घरातली. शाळेच्या पहिल्या दिवशी मला अण्णांनीच पोचवलं होतं आणि पुढे मी शाळेत बाई झाले तरी त्यांना मी 'शालू'च. त्यांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं. नवी नवी नोकरी लागली होती. सकाळची घाई, मी फाटकात उभी राहून वेणी घालत होते. एका म्हातारीनं देशपांड्यांचं घर विचारलं. मी फणी वर करून दिशा दाखवली. पलीकडून अण्णा ओरडले, "हात खाली घे! बोट दाखवतेस? जा, सोडून ये तिला." अख्ख्या गल्लीनं ऐकलं. म्हातारीला सोडून मी तणतणत परत आले, तर अण्णा कट्ट्यावर डोळे पुसत बसले होते. त्या दिवशी त्यांनी मला तारा नावाच्या मुलीची गोष्ट सांगितली.

मी शाळकरी होते तेव्हाची ही गोष्ट. एका रजेच्या दिवशी दुपारी अण्णा पेपर वाचत बसले होते. अळणावरकडच्या एका खेड्यातली, विशीतली एक मुलगी आली. हातात स्टीलचा डबा. तिनं कुलकर्णी मास्तरांचं घर विचारलं. महिन्यापूर्वीच एक कुलकर्णी मास्तर घर बदलून हुबळीच्या वाटेवर रायापूरला गेले होते. अण्णांच्या डोक्यात तेच. कुठले कुलकर्णी हे त्यांनी विचारलं नाही. मान वर न करता बोट दाखवलं, "रायापूरला गेले ते. हुबळीची बस धर." मुलगी गेली. तिला हवे असलेले कुलकर्णी मास्तर तीन घरं सोडून खिडकीत तिची वाट पाहत होते. त्यांनी तिच्यासाठी शिक्षिकेच्या ट्रेनिंगची जागा ठरवली होती आणि नाव घालायचा तो शेवटचा दिवस होता. जमलं नाही तर बाप तिचं लग्न लावून देणार होता, एका बिजवराशी. संध्याकाळी मास्तर विचारत आले, "अण्णा, तारा म्हणून मुलगी आली होती का?" तेव्हा कुठे अण्णांना उलगडा झाला. ते तसेच रायापूरला धावले. तिथल्या कुलकर्ण्यांकडे कुणीच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या खेड्यात गेले. ती घरीही परतली नव्हती. पुढे कधी परतलीच नाही. वर्षभरात मास्तरही वारले, आणि तारेचं काय झालं हे मळमड्डीत विचारायला कुणी उरलं नाही.

"नकाशे काढणारा माणूस मी," अण्णा म्हणाले, "आणि एक पोरगी हरवून टाकली."

स्वर्ग-नरक अण्णा मानत नसत. त्यांचं म्हणणं, वर एक दार आहे, बस्स. ज्यांच्या आयुष्याला नकळत आपला धक्का लागला आणि जी आपल्या आधी गेली, ती माणसं त्या दारात उभी असतात. बहुतेक सगळी अनोळखी. तुझ्यामुळे आमचं काय झालं, ते एकेकजण सांगतं. "बरं झालं असलं तर ऐकायला गोड. नसलं तरी ऐकावं लागतं. तिथनं मागं फिरता येत नाही," असं ते हसत सांगायला लागत आणि सांगता सांगता त्यांचं हसू जाई. "माझ्या दारात पहिली ताराच असणार, शालू. विचारणार, अण्णा, उठला का नाहीत?"

शेवटच्या वर्षांत दुपारची झोप मोडली की ते मला हाक मारत, "बघ गं, कट्ट्याशी कुणी उभं आहे का? हातात डबा घेऊन?" मी जाऊन बघे. कुणी नसे. खरं सांगते, कधी कधी खिडकीपाशी जाताना माझ्याच अंगावर काटा येई. आज कुणी दिसलं तर काय करायचं, असं वाटे.

गेल्या वर्षी माझी मुलगी हुबळीला बाळंत झाली. सकाळची वेळ, डॉक्टरीणबाई वाटेत, आणि बाळाच्या गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे. तिथं साठी ओलांडलेली एक नर्स होती, ताराक्का म्हणत तिला. तिनं वेढे सोडवले, निळ्या पडलेल्या नातीला पालथं धरून पाठ चोळली, आणि नात रडली. मग आम्ही दोघी चहा घेत बसलो. तिनं गाव विचारलं. मी मळमड्डी म्हटलं आणि तिनं कप खाली ठेवला.

"मळमड्डीत येक बाप्या कट्ट्यावर पेपर वाचत बसलावता," ती म्हणाली. "मास्तरांचं घर इचारलं, तर मान बी वर न करता बोट दावलं. बोटावर काळा ठिपका. अजून दिसतोय मला."

ती पुढे सांगत राहिली. रायापुरात तिला कुणी मास्तर सापडले नाहीत. रस्त्याकडेला एकटी राहणारी एक म्हातारी नर्स होती, तिनं पाणी दिलं. "दोन दिस ऱ्हा म्हनली, वीस वरसं ऱ्हायले. तिनंच मला शिकवलं. मास्तर गावले असते तर मीबी शाळेत बाई झाले असते. मग तुमच्या नातीचा येढा कोन सोडवनार व्हता? त्या बाप्याला मला भेटवा की, बाई. पाया पडायचंय."

तो मंगळवार होता. ताराक्काला रविवारी सुट्टी. अण्णांच्या घरी फोन होता, पण हुबळीहून मी केला नाही. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हे, तिला हाताला धरून कट्ट्यापाशी नेऊन उभी करीन, असं मी ठरवलं. सांगायचं नाही, पोचवायचं, हे अण्णांचंच शिक्षण. आणि खरं म्हणजे मला त्यांचा चेहरा बघायचा होता. शुक्रवारी दुपारी अण्णा कट्ट्यावर बसल्या बसल्या गेले. मांडीवर पेपर तसाच होता.

दहाव्याला त्यांचा मुलगा पुण्याहून आलेला होता. तळ्याकाठी आमच्याकडच्या बायका जात नाहीत, पण मी गेले. माझं ठरलं होतं. कावळा शिवायचा नाही, मग सगळे एकेक वचन देऊन बघतील, तेव्हा मी पुढे होऊन म्हणणार होते, "अण्णा, तारा सापडली. सुखात आहे." वाक्य घोकून गेले होते. पिंड ठेवून भटजी मागे सरताहेत तोच कावळा उतरला आणि त्यानं चोच मारली. "काही राहिलं नव्हतं हो अण्णांचं," लोक म्हणाले. माझं वाक्य माझ्यापाशीच राहिलं. ते घेऊन मी घरी आले आणि खूप रडले.

तेराव्यानंतरच्या रविवारी दुपारी सहज खिडकीतून बाहेर पाहिलं, तर कट्ट्याशी एक बाई उभी. हातात स्टीलचा डबा. मग ती वळली आणि मी ओळखलं. अण्णा गेल्याचं तिला फोनवर कळवलं होतं, तरी ती शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली होती. तिला कट्ट्यावर बसवून मी सगळं सांगितलं. अण्णांना वाटणारी धास्ती, ते दार आणि कावळा किती लगेच शिवला तेही.

ताराक्कानं डब्याच्या झाकणावर हात फिरवला. मग म्हणाली, "मंग तर बरंच झालं की. तितं गेल्यावर त्यांनी मला हुडकलं असंल. मी न्हाईच तितं. मंजे कळलं असंल त्यास्नी, पोरगी जित्ती हाय."

चाळीस वर्षांत हे अण्णांना सुचलं नाही आणि मलाही नाही. म्हणूनच कावळा थांबला नसेल, असं तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. ताराक्काला मी बसस्टॉपपर्यंत पोचवून आले.

हल्ली लोक मला पत्ता विचारतात. मी चपला घालून निघते. परत येताना रिकामा कट्टा लागतो, आणि मग ते दार आठवतं. अण्णांच्या दारात तारा नव्हती, पण माझ्या दारात अण्णा असणार. मंगळवार ते शुक्रवार काय करत होतीस, असं विचारतील का ते? रागावले तर बरं होईल. पण मी त्यांना ओळखते. ते काहीच न विचारता पेपराची घडी घालतील, चपला चढवतील आणि म्हणतील, "चल की, शालू." त्याचंच मला भय वाटतं.