वारेकर, दोरकर आणि सोसायटीचा वायरलेस

हे सदर मी बरेच दिवस वाचतोय, पण लिहितोय पहिल्यांदाच. लिहू की नको यात दोन-तीन महिने गेले. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या कोळीवाड्यात अशा कथा पैशाला पासरी मिळतात. कोणाला बोटीवर कुणीतरी हाक मारलेली असते, कोणाला पाण्यावर दिवा दिसलेला असतो. मी हसायचो. मी अलिबागला बी.एस्सी. करतोय, फिजिक्स घेऊन. घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे थोडी ऐटही असेल... पण खरंच नव्हता विश्वास. आजही आहे की नाही, मला नीट सांगता येणार नाही.

अलिबागहून नागाव मागे टाकून दक्षिणेला आलात की खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. नागावात होमस्टे आणि नारळाच्या वाड्या, आमच्याकडे जेट्टी, बर्फाचा कारखाना आणि वाळत घातलेले बोंबील. जेट्टीला लागून मच्छीमार सोसायटीची एक खोली आहे. तिथे बोटींशी बोलायचा वायरलेस सेट ठेवलाय. कॉलेज सुटल्यावर दुपारी तिथे मी बसतो. बोटीवरून कोणी बोललं तर उत्तर द्यायचं, बर्फाचं वगैरे विचारायचं, बाकी वेळ अभ्यास.

माझा मोठा भाऊ हरेश 'सोनसाखळी' बोटीवर खलाशी होता. बाबा लवकर गेले. दादाने दहावीनंतर शाळा सोडली आणि दामूकाकांच्या हाताखाली बोटीवर लागला. दामूकाका त्या बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. मला दादा 'प्रोफेसर' म्हणायचा. अर्धी चेष्टा, अर्धा अभिमान.

आम्हा दोघांना एकच वेड होतं, एक जपानी कार्टून. त्याला कार्टून म्हटलं तर चिडणारे इथे असतील, म्हणून ॲनिमे म्हणतो. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर खाली प्रतिक्रियांमध्ये निराळीच भांडणं लागतील. त्यात दोन निंजा आहेत, एकाच गुरूचे शिष्य आणि एकमेकांचे वैरी. त्यांची जपानी नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून दादाने बारसं केलं. एक वाऱ्याने लढतो तो वारेकर. दुसरा बोटांतून दोऱ्या सोडतो तो दोरकर.

मी वारेकरचा, दादा दोरकरचा.

माझं म्हणणं साधं होतं. वारेकरचा वेग एवढा की तो हलला हे समोरच्याला नंतर कळतं. त्याच्या वाऱ्याला धार आहे, तो लांबून मारतो. दोरकर बिचारा जागचा हलत नाही. दोन्ही हात दोऱ्यांत गुंतलेले, अंगावर वार आला तर अडवणार कशाने?

दादा म्हणायचा, "प्रोफेसर, जाळ्यात दोरी कमी नि भोकं जास्त. वारा काय करनार त्याला? आरपार जाईल." पुस्तकाच्या भाषेत मला हे सांगायला अर्धं पान लागलं असतं. वर तो म्हणायचा, "तुझा वारेकर दोन-चार वार केले की धापा टाकतो. माझा बसून ऱ्हातो. जाळा लावला की बसून ऱ्हायचं असतं. मासा घाई करतो, कोळी न्हाय."

हा वाद घरात सुरू व्हायचा आणि वायरलेसवर चालू राहायचा. चॅनलवर सगळ्या बोटी ऐकत असतात, हे आम्हाला कळायचं पण भान राहायचं नाही. एकदा दादा दोरकरची बाजू मांडत असताना मध्येच दुसऱ्या बोटीवरून कोणीतरी म्हणालं, "ए, त्या दोघांना आमच्या बोटीवर पाठवा रं. बर्फ फोडाया मानूस न्हाय." दुसरा म्हणाला, "दोरकराला पाठव, जाळी फाटलीत." तेवढ्यात दामूकाकांचा आवाज, "हरेश, निंजा झाले असतील तर दोर वढ."

दादाचा एक नियम होता. बोटीवर जाताना वाद मिटवायचा नाही. आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, तसंच काहीसं हे त्याने स्वतःपुरतं केलं होतं. मी कधी कंटाळून "बरं बाबा, तुझा जिंकला" म्हणू लागलो की तो तोंडावर हात ठेवायचा. "आता न्हाय. आल्यावर. भांडान अर्धा ठेवलास तर मना यायला लागंल ना." आईला दोन निंजांतला फरक कधी कळला नाही, पण हा नियम तिला पाठ होता. मी वादात माघार घेताना दिसलो तर ती चुलीपाशी बसून म्हणायची, "गप रं, तो निघालाय ना."

दिवाळी झाल्यावर बोट गेली तेव्हाही वाद अर्धाच होता.

चौथ्या दिवशी बोट आली आणि दादा तिच्यावर नव्हता. भर सकाळी जाळं ओढताना आडवी लाट आली, बोट कलली, आणि सावरून सगळ्यांनी पाहिलं तर दादाची जागा रिकामी. कोणी त्याला पडताना पाहिलं नाही. दामूकाका बोट फिरवत राहिले, आजूबाजूच्या बोटी आल्या, नंतर किनाऱ्यावरूनही शोध झाला. काही मिळालं नाही. चप्पल नाही, कपडा नाही. दामूकाका आमच्या दारात आले आणि आईसमोर उभेच राहिले, बसले नाहीत.

आई रडली नाही. तिने ठरवलं की तो जिवंत आहे. अगदीच वेडेपणा नव्हता तो. पूर्वी आमच्या इथला एक जण असाच पडला होता, त्याला गुजरातकडच्या बोटीने उचललं आणि तो बऱ्याच दिवसांनी घरी आला. आईने ते धरून ठेवलं. रोज दादाचं ताट वाढायची, झाकून ठेवायची, सकाळी मला खायला लावायची.

अंग मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग दिवस करतात. वाड्यातली मोठी माणसं दोनदा येऊन बोलली. आई म्हणाली, "जित्या लेकाला जाळू? तुमी तुमच्या घरी जा." मला मध्ये घालून बघितलं. मी तिला काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं. दारात पाऊल वाजलं की मीसुद्धा मान वर करायचो.

आता ती दुपार सांगतो.

फेब्रुवारी होता. वारा सुटणार अशी सूचना आल्यामुळे आमच्या बहुतेक बोटी खाडीत होत्या. 'सोनसाखळी' समोरच जेट्टीला बांधलेली, मला खिडकीतून दिसत होती. तिच्यावर कोणी नव्हतं. तिचा वायरलेस बिघडला म्हणून काढून अलिबागला दुरुस्तीला दिला होता, मीच नेऊन दिला होता. दामूकाका खोलीच्या दारात बसून जाळं सांधत होते. दादा गेल्यापासून ते बोटीवर कमी आणि माझ्या आसपास जास्त असायचे.

सेटवर खरखर चालू होती. मी पुस्तक उघडून बसलो होतो. आणि आवाज आला —

"सोनसाखळी बोलतंय. प्रोफेसर हाय का?"

मी हललो नाही. दामूकाकांचा हात थांबला.

"प्रोफेसर, ऐक. मी इचार केला. दोरीला धराया कायतरी लागतं रं. झाड, खांब, दगड... कायतरी. भर दर्यात दोरकर दोर बांधनार कशाला?" मध्ये खरखर. "तुझा वारेकर जिंकला. खरंच जिंकला. मिटला आता."

एवढंच.

मी माईक ओढला. काय बोललो ते नीट आठवत नाही. "दादा, कुठे आहेस? कुठली बोट? दादा, कुठे आहेस?" एवढंच पुन्हा पुन्हा. मला आधी आनंद झाला होता, हे सांगायला हवं. मी हसत होतो. जिवंत आहे, कुठल्यातरी बोटीवर आहे, सवयीने आपल्या बोटीचं नाव घेतोय, असंच मला वाटलं. मी दामूकाकांकडे वळून म्हणालो, "ऐकलंत ना? काका, ऐकलंत ना? वारेकर जिंकला म्हणतोय!"

दामूकाका खिडकीतून बोटीकडे बघत होते. त्यांनी डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं होतं.

"आवाज त्याचाच," ते म्हणाले. मग, "पोरा, तो कदी हरला होता का रं तुज्याशी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दादाने वाद मिटवला होता.

मी घरी गेलो. आई अंगणात बोंबील उलटे करत होती. कसं सांगावं हे ठरवत गेलो होतो, पण तिने माझ्याकडे बघितलं आणि काम थांबवलं.

"आई, वायरलेसवर दादा बोलला."

तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही.

"कुटं हाय?"

"ते नाही बोलला."

"मग काय बोलला?"

"म्हणाला, वारेकर जिंकला. मिटला म्हणाला."

आई उभी होती ती हळूच खाली बसली. मला वाटलं आता रडेल. तिने हातातला बोंबील खाली ठेवला.

"मिटला म्हनाला?"

"हो."

"तू न्हाय ना मिटवलास? तू काय बोल्ला नव्हतास ना त्याला?"

"नाही गं. तोच म्हणाला."

मग अगदी हळू म्हणाली, "जेवला का, ते इचारलंस?"

मी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने एकच ताट वाढलं, माझं. मी खात असताना म्हणाली, "भटजींना सांगून ये."

पुतळा केला. दर्भाचा, वर पळसाची पानं, डोक्याच्या जागी नारळ. भटजींनी तो उताणा ठेवला. आई पुढे झाली आणि तिने तो कुशीवर केला. भटजी म्हणाले, "माई, सरळ ठेवायचा असतो." आई म्हणाली, "तो असाच निजतो." भटजींनी तसेच मंत्र सुरू केले. अग्नी मी दिला.

नंतर मी शोध घेतला. त्या दिवशी समुद्रावर असलेल्या प्रत्येक बोटीला विचारलं. असली चेष्टा कोणी करणार नाही, आणि दादाचा आवाज काढणं कोणाला जमणारही नाही. काहींनी चॅनल लावलेला होता, त्यांना फक्त खरखर ऐकू आली. अलिबागच्या दुकानात 'सोनसाखळी'चा सेट त्या दिवशी उघडून ठेवलेला होता, आतली बॅटरीची वायरही तोडलेली. कॉलेजात आमच्या सरांना, दादाचं नाव न घेता, विचारलं. गार हवेवर गरम हवेचा थर बसला की लहरी वाकतात आणि फार लांबचं बोलणं कधीकधी ऐकू येतं, असं त्यांनी फळ्यावर काढून समजावलं. मी वहीत उतरवून घेतलं. ते म्हणाले, "पण त्यासाठी लांब कोणीतरी बोलत असावं लागतं."

दामूकाकांनाही विचारलं की तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं. ते म्हणाले, बोटीचं नाव आणि 'प्रोफेसर' एवढंच, पुढचं खरखरीत गेलं. म्हणजे पुढचं मी एकट्यानेच ऐकलंय. माझ्या मनाने ते रचलं असेल, असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही. फक्त एक गोष्ट मला सुटत नाही. इतकी वर्षं मी दादाशी वाद घातला, दोरकरला हरवायला काय काय शोधलं, पण दोरीला धरायला काहीतरी लागतं हे मला कधी सुचलं नव्हतं. ते माझ्या मनातून आलं असेल तर कुठून आलं?

आई आता बरी आहे. बाजारात जाते, लोकांशी बोलते. त्या दोन निंजांचे नवे भाग आलेत असं मुलं सांगतात. मी बघितलेले नाहीत.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा, मी खरंच वाचेन. माझ्या मनात मात्र दुसरंच येत राहतं. दोरकरच्या बाजूने बोलण्यासारखं तेव्हाही बरंच होतं. बोट होती, माणसं होती, मी इथे किनाऱ्यावर होतो. बांधायला जागा होती. हे मी म्हणायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, "नाही दादा, मला पटलं नाही, आल्यावर बोलू." मी नुसतं 'कुठे आहेस' विचारत राहिलो.