खालून टिपलेल्या सासूबाई

आमचा शेजारी लग्न-समारंभांचं शूटिंग करतो आणि स्वतःला मोठा दिग्दर्शक समजतो. माणूस खालून टिपला की थोर दिसतो, वरून टिपला की बिचारा दिसतो, हे त्याने आम्हाला शंभरदा ऐकवलं आहे. स्वतःच्या सासूबाईंना मात्र वीस वर्षं तो जिन्यावरूनच टिपत आला. का, ते कळायला फार अक्कल लागत नाही.

यंदा सासूबाईंच्या पंचाहत्तरीला बायकोने दम भरला, "आईचं शूटिंग धड केलं नाहीस, तर माझ्याशी बोलू नकोस!" गडी घाबरला. भर हॉलमध्ये, नव्या शर्टासकट, सासूबाईंच्या खुर्चीपुढे पालथा पडून त्याने अर्धा तास कॅमेरा चालवला.

रविवारी सगळं घर टीव्हीपुढे बसलं. चहाच्या निमित्ताने मीही घुसलो होतो. पडद्यावर हनुवटीचे दोन मजले आणि त्यावर दोन नाकपुड्या! मेहुण्याने तोंडात रुमाल कोंबला. बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला घामच फुटला.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, माझं नाक काही बरं आलेलं नाही."

"आई, तो अँगल भव्यतेचा असतो..."

"असेल. पण वीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच माझ्या पायाशी आलात, आणि तेही सगळ्या पाहुण्यांदेखत. पुढच्या वर्षीही अस्संच काढा."

बायको त्याच्याशी बोलते आहे. तो मात्र रोज सकाळी पळायला जातो. पालथं पडताना पोट आडवं येतं म्हणे.