लॉरीची ग्यारंटी आणि लोहाराचा मान

पलटणीत मी हवालदार क्लार्क होतो. आलेला माल तपासून घ्यायचा, त्याच्याबरोबरचे कागद वाचायचे आणि मगच सही करायची, हे माझं काम. पेन्शनीवर घरी आलो तरी सवय सुटली नाही. त्यामुळे दुसरी मोठी लढाई संपल्यावर धाकट्या भावाची नवी लॉरी कऱ्हाडच्या खाली आमच्या कृष्णाकाठच्या गावात येऊन उभी राहिली, तेव्हा सगळे तिच्या दिव्यांवरून हात फिरवत होते आणि मी ओसरीवर कागद लावत होतो. परवाना वेगळा, पावती वेगळी, कंपनीचं पुस्तक वेगळं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ग्यारंटी होती.

धाकटा लढाईत ड्रायव्हर होता. फौजेतून आलेला म्हणून लॉरीसाठी त्याचा नंबर लवकर लागला. आमच्या वाटणीच्या उसावर दोन घरं भागत नव्हती. लॉरी चालली तर तो गावात राहणार, नाही चालली तर पुन्हा फौजेत नाव घालणार, हे त्यानं बायकोला सांगून ठेवलं होतं. त्याची मुलगी नुकती कुठं त्याच्याकडे न रडता जायला लागली होती.

ग्यारंटी अशी होती, की पहिल्या काही महिन्यांत एखादा भाग मुळातच सदोष निघाला तर कंपनी तो बदलून देईल. त्या दिवसांत या वाक्याला फार किंमत होती. सुटे भाग परदेशातून येतच नव्हते. पैसे घेऊन दारात उभं राहिलं तरी इंजिनाचा मोठा भाग विकत मिळत नसे. तो यायचा तो ग्यारंटीवरच. त्याखाली दुसरं वाक्य होतं. कंपनीनं मान्य केलेल्या कारखान्याबाहेर कोणी लॉरीत फेरफार केला, आणि कंपनीच्या मते त्यानं तिच्या मजबुतीला बाध आला, तर ग्यारंटी संपली.

आता लॉरी म्हणून जे मिळायचं ती नुसती चासी असायची. इंजिन, ड्रायव्हरची बैठक आणि मागं दोन लांब लोखंडी तुळया. माल भरायचा लाकडी सांगाडा ज्यानं त्यानं बांधून घ्यायचा. तो कसा बसवायचा याचं पुस्तकात चित्र होतं. लाकूड तुळईवर ठेवायचं आणि बाहेरून लोखंडी पकडींनी आवळायचं. तुळईला भोक पाडायचं नाही, तिला तापवायचं नाही.

सांगलीच्या एजन्सीनं सांगाडा बांधणारा एक कारखाना सुचवला होता. तिथं जायचं असं मी ठरवलंही होतं. पण आमच्या गावात नवी गाडी कामाला लागायच्या आधी तिच्यावर पहिला घाव गावच्या लोहाराचा पडतो. सुतार लाकूड जोडतो, लोहार आरपार खिळा घालतो, त्याला सुपात धान्य आणि नारळ मिळतो, मग गाडी शिवेबाहेर जाते. लोहाराचा हात न लागलेली गाडी गावात कोणी जुंपलेली नव्हती. आमच्या वडिलांच्या गाडीला याच लोहारानं खिळे घातले होते, आणि ती गाडी अजून चालत होती.

आईला सांगलीचा बेत कळला तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हातारा लव्हार रोज यिऊन बगून जातोय लॉरीकडं. त्येला सोडून सांगलीला न्हेऊन काय त्येचं नाक कापायचं हाय?"

मी लोहाराला पुस्तकातलं चित्र दाखवलं. तो वयानं वडिलांच्या बरोबरीचा, त्याला आम्ही आबा म्हणायचो. त्यानं पुस्तक लांब धरून पाहिलं आणि हसला.

"हवालदार, ही बांधलेली मोळी हाय. बांधल्यालं कवातरी सुटतंयच. आरपार गेल्याबिगार गाडी एकजीव हुईत न्हाई."

"आबा, कंपनीनं नाही म्हटलंय."

"कंपनीनं पाटणचा घाट बगितलाय का?"

सगळे हसले. धाकटाही हसला. लढाईत वाळवंटात त्यांच्या तुकडीनं लॉऱ्या कापल्या होत्या, जोडल्या होत्या, एकीचा टप दुसरीला लावला होता. कोणी कागद विचारला नव्हता. मी ग्यारंटीचं वाक्य मराठीत करून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दादा, हा फेरफार कसला? सांगाडा नसंल तर गूळ काय मांडीवर घिऊन जाऊ?"

मी पुस्तक मिटलं. भाता लॉरीच्या मागं मांडला गेला. तुळई तांबडी होईपर्यंत तापवली आणि आबानं सुंब्यानं, म्हणजे भोक पाडायच्या पोलादी खिळ्यानं, तिच्यात भोकं पाडली. काम उत्तम होतं, हे मी आजही म्हणतो. सगळी भोकं एका रेषेत होती. आईनं सुपात शाळू घातला, धाकट्यानं आबाच्या डोक्याला नवा पटका बांधला, आणि लॉरी गुळाच्या ढेपा घेऊन सांगलीच्या बाजाराला गेली.

थोडे दिवस सगळं बरं चाललं. सांगलीला गूळ, येताना मीठ आणि रॉकेल, ते वर पाटणकडं. मी फेऱ्यांचं वेळापत्रक करून दिलं होतं आणि धाकटा ते पाळत होता. मग इंजिनाचं पाणी कमी व्हायला लागलं. सकाळी भरलेलं पाणी कऱ्हाडपर्यंत अर्धं. गळत कुठंच नव्हतं. एका चढाला मागून पांढरा धूर आला. त्यानं तेलाची पट्टी ओढून पाहिली, तर तेल ताकासारखं झालेलं.

"पाणी इंजनात उतरतंय," तो घरी येऊन म्हणाला. "पाना द्या, दादा. दोपारपतुर उघडून दावतो."

मी पाना दिला नाही. इंजिनाला बाहेरचा हात लागता कामा नये. लॉरी आहे तशी एजन्सीत न्यायची, आणि तीही इंजिन चालू न करता. दुसऱ्या दिवशी पुढं बैल जुंपले आणि निघालो. वाटेत प्रत्येक गावात लोक हॉटेलातून बाहेर येत होते.

"आवं डायव्हर, पेट्रोल बैलाला पाजलं का?"

"गड्या, बैलं वर बसव आन् तू जुपून घे. तेवढंच लवकर पोचशीला!"

धाकटा पहिल्या गावात उत्तरं देत होता. इस्लामपूर आलं तेव्हा तो स्टिअरिंग धरून बैलांच्या शेपट्यांकडं बघत बसला होता.

एजन्सीचा मॅनेजर सभ्य माणूस होता. त्यानं मिस्त्रीकडून इंजिन उघडवलं आणि मला जवळ बोलावून दाखवलं. इंजिनाच्या मुख्य ठोकळ्याला, ज्याला ते ब्लॉक म्हणत, आतल्या बाजूला केसासारखी चीर होती.

"ओतकामातलाच दोष आहे, हवालदारसाहेब," तो म्हणाला. "तुमच्या भावाची काही चूक नाही. मी मुंबईला लिहितो. त्यांचा इंजिनिअर पाहून जाईल, मग नवा ब्लॉक मागवता येईल."

मी गावी येऊन हे सांगितलं तेव्हा घरात बऱ्याच दिवसांनी हसणं ऐकू आलं. धाकट्याच्या बायकोनं मुलीला सांगितलं, की बाबाच्या लॉरीला नवं काळीज येणार. मी भोकांची आठवण काढली नाही. काढून उपयोग नव्हता, आणि चीर इंजिनात होती, भोकं मागं तुळईत.

इंजिनिअर येणार त्या दिवशी आबाही आमच्याबरोबर सांगलीला आला. नवं इंजिन लगेच बसवणार अशी त्याची समजूत होती. त्यानं बरोबर नारळ घेतला होता आणि डोक्याला तोच पटका होता.

इंजिनिअर तरुण होता, मोडकं हिंदी बोलायचा. त्यानं चीर पाहिली, नख फिरवलं, मान डोलावली. मला वाटलं, झालं. मग त्यानं कोट काढला आणि लॉरीच्या मागच्या बाजूला खाली वाकला. बराच वेळ तो वाकलेलाच होता. बाहेर येऊन त्यानं विचारलं, "ये होल किसने किया?"

मॅनेजरनं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलायच्या आत आबा पुढं झाला.

"म्या क्येलंय, सायेब. माज्या हातचं हाय. ह्यो सांगाडा तुमच्या-माज्या जल्मात हालायचा न्हाई."

इंजिनिअर त्याच्या पटक्याकडं बघत राहिला. धाकट्यानं भिंतीकडं तोंड केलं. आबा हसत होता. त्याला शाबासकी हवी होती, आणि खरं सांगायचं तर ती त्याची हक्काची होती.

इंजिनिअर लिहायला आत गेला. मी मॅनेजरला बाजूला घेतलं. म्हटलं, चीर पुढं आहे, भोकं मागं आहेत. भोकांनी ब्लॉक फुटला असं तुमचा मिस्त्री तरी म्हणेल का? माणसाच्या पायाला खरूज आहे म्हणून त्याचा दात काढायचा नाही, असं झालं हे.

"बरोबर बोलता," मॅनेजर म्हणाला. "मीसुद्धा असंच म्हणेन. पण कागदात काय आहे? 'कंपनीच्या मते.' तिथं तुमचं मत चालत नाही आणि माझंही नाही. तुळई तापवली की तिचा कस गेला, असं कंपनी धरते. एकदा तसं धरलं की ग्यारंटी सगळ्या लॉरीची संपते. तुळईची संपली आणि इंजिनाची राहिली, असं नसतं."

"भोकं बुजवली तर?"

"बुजवलेली दिसतात."

"ब्लॉक विकत?"

तो नुसता हसला. वाईट हसला नाही. मला बसायला सांगून त्यानं चहा मागवला. पुढं मी मुंबईला दोन अर्ज केले, एक फौजेच्या पेन्शन कचेरीमार्फत. पहिल्याचं उत्तर एजन्सीनं दिलं होतं तेच आलं. दुसऱ्याचं आलं नाही.

त्या दिवशी परतताना लॉरीला पुन्हा बैल जुंपले होते आणि आबा त्यांच्या बाजूनं चालत होता. नारळ त्याच्या धोतराच्या सोग्यात तसाच होता. इस्लामपूरच्या पुढं गेल्यावर त्यानं विचारलं, "म्या गप बसलो असतो तर?"

"तरी हेच झालं असतं, आबा. त्यानं आधीच पाहिलं होतं."

"तुमी माजं मन राकताय."

मी खरं तेच सांगत होतो. पण त्याला ते पटलं नाही.

लॉरी खळ्याच्या कडेला लागली. धाकट्यानं कऱ्हाडच्या एका मिस्त्रीकडून चीर पितळेनं भरून पाहिली. ती एका फेरीपुरतीही टिकली नाही. पुढच्या सुगीपर्यंत त्यानं वाट पाहिली. कशाची, ते त्यालाही सांगता आलं नसतं. फौजेत तेव्हा ड्रायव्हर घेत होते. तो साताऱ्याला जाऊन नाव घालून आला आणि घरी संध्याकाळी जेवताना सांगितलं. त्याच्या बायकोनं ताटात भाकरी वाढली. तिला हे आधीपासून माहीत होतं.

स्टेशनवर मी त्याला विचारलं, लॉरी भंगारात विकून टाकू का. तो म्हणाला, "ठेवा दादा. आबा रोज तिकडनं जातोय. त्येच्या डोळ्यादेकत तिची मोडतोड नगं." मग गाडी आली. त्याची मुलगी त्याच्याकडं जाईना. ती माझ्या खांद्यामागं लपली.

यंदा शेजारच्या वाड्यावर नवी बैलगाडी झाली. रीतीप्रमाणे आबाला बोलावलं. मीही उभा होतो. सुतारानं लाकूड धरलं होतं, सुपात धान्य होतं, बायका हळदकुंकू घेऊन थांबल्या होत्या. आबानं सुंबा तापवला, लाकडावर टेकवला आणि हातोडा उचलून तसाच थांबला.

"हवालदार," तो म्हणाला, "ह्या गाडीचा कागुद बगितलाय न्हवं?"

बैलगाडीला कागद नसतो, असं मी सांगितलं. लोक हसले. आबा हसला नाही. सुंबा गार होईपर्यंत तो तसाच माझ्याकडं बघत उभा राहिला, आणि मग त्याला तो पुन्हा तापवावा लागला.