अकरा थांबे, एक श्वास

बसस्थानकाच्या पत्र्याच्या खोलीत भोंगाभाऊ एकतीस वर्षं माईकसमोर बसत आले होते. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असणार. बाकी कुणाला त्याची गरज पडली नव्हती.

त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. फलाट तीनची गाडी ते एका श्वासात सांगत. "प्रवाशांनी लक्ष द्यावं, फलाट क्रमांक तीनवरची गाडी दवाखानादूधडेअरीकन्याशाळाकचेरीजुनापूलनवापूलपाण्याचीटाकी" आणि तसंच पुढे वखार, साबण कारखाना, वीज केंद्र, थेट दगडखाण. मध्ये मुंगी शिरायलाही जागा नसे.

यात कौतुकापलीकडची एक सोय होती. तीनवरून दोन गाड्या सुटत, दोन्ही एकाच रंगाच्या. एक टाकीपर्यंत जाऊन परत फिरे, दुसरी खाणीपर्यंत जाई. पाट्यांवरचा रंग कधीच उडून गेला होता आणि बाकावरचे लोक पाट्यांकडे बघतही नसत. ते कान लावून बसत. टाकीपाशी आवाज थांबला की टाकीवाले उठत. आवाज टाकी ओलांडून पुढे धावला की खाणवाले उठत. भोंगाभाऊंचा श्वास संपला म्हणजे रस्ता संपला, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

तर अशा माणसाने सिगारेट सोडली. चौतीस वर्षं ओढली आणि एका सोमवारी सोडली. बायकोच्या धाकाने नव्हे, असं ते सांगत. बायकोही तेच सांगे. "माझ्या धाकाने काही होत असतं, तर न्हाणीघराचा नळ अजून गळत असता का?" खरं कारण जिना होता. घर दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर भोंगाभाऊ शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचायला थांबत. पाटीवर दोन शब्द होते. वाचायला चार मिनिटं लागत.

सोडल्यावर दम वाढेल अशी त्यांची अपेक्षा होती. वाढला तो खोकला. पहाटे उठल्याबरोबर सुरू, तो दात घासून होईपर्यंत.

"अहो, ओढत होतात तेव्हा एवढं खोकत नव्हता," बायको म्हणाली.

"मग पुन्हा सुरू करू?"

"करा की. आणि झोपायला पहिल्या मजल्यावर जा, त्या पाटीखाली."

तिकीट खिडकीवरचा त्यांचा मित्र मात्र मनापासून वाईट वाटून घेत होता. "भोंग्या, यंत्र जुनं झालं की त्याचं तेल बंद करायचं नसतं. कुरकुरणारच! एक ओढ. गळा कसा खणखणीत होईल."

भोंगाभाऊ नाही म्हणाले. पण म्हणायला वेळ लागला, हे दोघांच्याही लक्षात आलं.

मग ती बुधवारची सकाळ आली. खाणीची गाडी लागली, भोंगाभाऊंनी छाती भरून सुरुवात केली आणि पाण्याच्या टाकीपाशी घशात ठसका उभा राहिला. माईकमध्ये खोकायचं नाही, हा त्यांचा एकतीस वर्षांचा शिरस्ता. त्यांनी बटण बंद केलं आणि मनसोक्त खोकले. डोळे पुसून बटण चालू करेपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली होती.

टाकीवाले आधीच चढून बसले होते. पुढचे चौदा जण "आपली नव्हे" म्हणत बाकावर निवांत. पुढची गाडी दीड तासाने.

साबण कारखान्यातल्या बायका खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय हो भोंगाभाऊ, कारखाना कुणी उचलून नेला का रात्रीतून?"

"तसं नाही, ताई..."

"मग खाडा तुमच्या नावावर लावायला सांगू?"

दुपारी आगारप्रमुखांनी बोलावलं. ते कधी रागावत नसत, त्यामुळे लोक त्यांना जास्त घाबरत. "भाऊ, ध्वनिमुद्रण करून घेऊ या. बाईंचा आवाज असतो, खोकत नाही. तुम्ही चौकशीच्या टेबलावर बसा. आधी आठ दिवस माईकवर तुमचंच बघू, मग ठरवू."

बाहेर तिकीटवाला उभाच होता. त्याने एक सिगारेट पुढे केली. भोंगाभाऊंनी ती घेतली, खिशात ठेवली आणि अर्धी रजा टाकून छातीच्या दवाखान्यात गेले. आधी विचारू, मग ओढू, असा त्यांचा हिशेब.

तिथल्या मुलीने त्यांच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात दम मोजायची नळी दिली आणि ती लग्नघरातल्या मावशीसारखी ओरडायला लागली. "काका, फुंका! फुंका फुंका फुंका, सोडू नका, पोट आत, शाब्बास, आता पुन्हा!" तीनदा फुंकून झाल्यावर भोंगाभाऊंना एका खुर्चीच्या दोन दिसायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. "फुप्फुसं थोडी झिजलीत. झिजलेलं परत येत नाही. पण सोडलीत म्हणून झिजेचा वेग आता कमी होईल."

"आणि हा खोकला?"

"श्वासनळीत बारीक केस असतात, झाडूसारखे. तुमच्या धुराने ते आडवे पडले होते. आता उठून कामाला लागलेत. चौतीस वर्षांचा केर आहे, निघणारच. काही आठवडे, कदाचित काही महिने. कमी झाला नाही किंवा रक्त दिसलं, तर लगेच यायचं."

"पण बाई, मला अकरा थांबे एका श्वासात म्हणायचे असतात."

"का?"

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

बाईंनी तोंडाने आत ओढायचा औषधाचा फवारा लिहून दिला आणि श्वास सोडायची रीत शिकवली. नाकाने आत, मग ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर. जाताना भोंगाभाऊंनी खिशातली सिगारेट मोडून कचऱ्याच्या डब्यात टाकली. तंबाखू बोटांना लागली, ती त्यांनी दवाखान्याच्या नळावर दोनदा धुतली.

पुढचे सात दिवस ते घरी आरशासमोर चंबू करून बसत. "कुणाला पापा देताय?" बायकोने विचारलं. "साबण कारखान्याला," ते म्हणाले. श्वास लांबला थोडासाच. टाकी काही ओलांडता येईना. तेव्हा त्यांनी वेगळंच ठरवलं.

आठव्या दिवशी आगारप्रमुख स्वतः बाकावर येऊन बसले. खाणीची गाडी लागली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. गाडी खाणीची आहे. खाणीची! दवाखाना, दूध डेअरी, कन्याशाळा. बसून राहू नका, मी श्वास घेतोय." भोंग्यातून लांब फुंकर ऐकू आली. "कचेरी, जुना पूल, नवा पूल, पाण्याची टाकी. पुन्हा घेतोय."

बाकावर हशा पिकला. "घ्या, घ्या, सावकाश घ्या!" कारखान्यातली बाई ओरडली आणि डबा उचलून चढली. तिच्यामागे सगळे चढले, तोवर भोंगाभाऊ आणखी एकदा श्वास घेऊन दगडखाणीपर्यंत पोचले.

आगारप्रमुख बाक रिकामा झालेला बघून खोलीत आले. "किती श्वास लागले?"

"चार, साहेब."

"मागे कुणी राहिलं?"

"नाही."

"मग पाच घ्या. श्वास काही आगाराच्या भांडारातून येत नाहीत." एवढं बोलून ते गेले. ध्वनिमुद्रणाचं नाव त्यांनी काढलं नाही, भोंगाभाऊंनीही आठवण केली नाही.

तेवढ्यात फलाट पाचवर गाडी लागली. तिला दोनच थांबे होते. भोंगाभाऊंनी पहिला सांगितला, बटण चालूच ठेवून ऐसपैस श्वास घेतला, आणि मग दुसरा.