बडेबाबूंकडे तोंडी चालत नसे

आमच्या कचेरीतल्या बडेबाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, साक्षात देव भेटला असता, तरी त्यांनी त्याला आधी अर्ज लिहून आणायला सांगितलं असतं. आमच्या वडसा गावात भर मे महिन्यात पंखा बंद पडला की आम्ही घामाने निथळत असू आणि बडेबाबू विचारत, "अर्ज कुठी हाय?" शिपायाने एकदा चेष्टेने चहा पिण्याच्या परवानगीचा अर्ज दिला. बडेबाबूंनी तो गंभीरपणे वाचला, आवक क्रमांक टाकला आणि "किती कप, ते लिहिलं नाई" म्हणून परत केला. सगळे त्यांना हसायचे, त्यात मी सर्वांत पुढे.

मग कुरखेड्याच्या रस्त्यावर माझ्या स्कूटरला रानडुक्कर आडवं आलं आणि गुडघ्याखाली डावा पाय गेला. सहा महिन्यांनी कुबड्या घेऊन रुजू झाले, तर माझं टेबल वरच्या मजल्यावर, चोवीस पायऱ्या चढून. साहेब मायेने म्हणाले, "बाई, कशाला त्रास घेता? राजीनामा द्या, आराम करा." घरात कमावणारी मी एकटी. तरी कुणाला आपलं ओझं नको म्हणून राजीनामा लिहिला आणि बडेबाबूंपुढे ठेवला.

"अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले, "पन अर्ज चुकीचा हाय." कोरा कागद पुढे सरकवून ते स्वतःच मजकूर सांगू लागले: टेबल खाली हवं, संडासात धरायला दांडा हवा.

"बाबूजी, मेहरबानी मागायची लाज वाटते," मी म्हटलं.

ते खवळलेच. "मेहरबानी तोंडी असते बाई! हा तुमचा हक हाय, म्हनून कागदावर मांगून राह्यलो. पाय गेला म्हनून नोकरीवरून काढता येत नाई, कायद्यात लिहून हाय. साहेबाले नाई म्हनाचं असन तं तेबी लेखी म्हनू द्या."

लेखी 'नाही' म्हणायला साहेब धजले नाहीत. आठवड्यात माझं टेबल खाली आलं, बडेबाबूंच्या शेजारी. दांडा मात्र माझ्या डोक्याच्या वर बसला, कारण अर्जात उंची लिहायची राहिली होती. बडेबाबूंनी दुसरा अर्ज लिहून घेतला आणि चूक आपली म्हणून तीन दिवस मान वर केली नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात उभ्यानेच बोलायची आमच्याकडे रीत. मी कुबड्या सावरत उठू लागले, तर गळ्यात हार घातलेले बडेबाबू मधेच ओरडले, "उभ्या काऊन होऊन राह्यल्या बाई? बसून बोला. बसून बोललेलं बी आयकू येते."

मी बसले. पाठ केलेलं भाषण एकदम विसरले आणि सगळ्यांदेखत नुसती रडले. त्यांचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.