परत मागितलेली राख

माझ्या घराच्या गॅलरीत दोन गोण्या राख आणि अकरा फळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या आहेत. त्या तिथून केव्हा हलतील हे मला ठाऊक नाही. कशा हलू देणार नाही, हे मात्र मी सर्व संबंधितांना लेखी कळवले आहे.

आमच्या सोसायटीत बहुतेक घरे खानदेशची. कापडाच्या कामासाठी माणसे सुरतेत आली आणि इथेच म्हातारी झाली, पण हिवाळ्यात मोकळ्या जागेत भरिताची वांगी भाजल्याशिवाय एकही वर्ष गेले नाही. वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर. यंदा गावाकडून पऱ्हाट्या आल्या नाहीत, म्हणून सरपणाची जबाबदारी मी घेतली. इच्छापोरच्या रस्त्यावर एका भंगारवाल्याकडे कुठल्याशा कारखान्याचा मोडलेला कूलिंग टॉवर पडला होता. त्याच्या फळ्या खडखडीत वाळलेल्या. "लई जाओ काका, माचिस अडाडो एटले सळगी जाय," काडी लावताच पेटतील, असे तो म्हणाला. फळ्यांना हिरवट झाक होती. ती शेवाळाची असेल असे मी गृहीत धरले. डाइंग मिलच्या बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाने असे गृहीत धरणे याला निष्काळजीपणा म्हणतात, आणि तो शब्द मी विचारपूर्वक वापरत आहे.

भरीत उत्तम झाले. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे बायकांनी राख वाटून नेली. थोडी भांडी घासायला, थोडी कडधान्यात मिसळायला, म्हणजे कीड लागत नाही. आठवड्याने मी उरलेल्या फळ्या रचत असताना एकीच्या टोकाला खिळ्याने ठोकलेली पत्र्याची चकती दिसली. तिच्यावर इंग्रजीत तीन नावे होती: तांबे, क्रोम आणि आर्सेनिक. टॉवरचे लाकूड सदैव ओले असते. ते कुजू नये म्हणून ही द्रव्ये दाब देऊन त्यात मुरवतात. शेवटच्या द्रव्याला आपल्याकडे सोमल म्हणतात. लाकूड जळते, सोमल जळत नाही. काही धुरातून जाते, बाकीचे राखेत उरते.

भरीत खाल्लेल्या प्रत्येकाने डॉक्टरांना दाखवावे, अशी सूचना मी जिन्यात लावली. मग तोंडाला फडके बांधून, हातमोजे घालून, गोणी घेऊन दारोदार निघालो.

"नाना, आता राखनीबी पावती देशात का?" पहिल्याच दारात प्रश्न आला.

"देईन," मी म्हणालो, आणि दिली.

तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या मावशींनी मात्र दार अर्धेच उघडले. त्यांच्या घरच्या शेतातले वर्षाचे मठ, म्हणजे मटकी, त्याच राखेत घोळवून डब्यात भरलेले होते. "भरीत खाईसन आठ दिन व्हयनात, भाऊ. कोनी मरनं का?" त्यांनी विचारले आणि दार लावून घेतले.

त्या संध्याकाळी मी भंगारवाल्याकडून कारखान्याचे नाव विचारून घेतले आणि कारखान्याला, महापालिकेला आणि प्रदूषण मंडळाला तीन पानी पत्र लिहिले. विषारी कचरा ज्याच्याकडे निर्माण होतो, त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारीही त्याचीच, हे मी नियमाच्या आधाराने मांडले. पत्नीने ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले.

"सगळासले धरं यामा. लाकडे तुम्हीच लयनात, हाई कोठे लिखं?"

मला संताप आला. तिच्यावर नव्हे असे लिहिले, तर तेही खोटे ठरेल. आधी तिच्यावरच आला. मग मी चौथे पान जोडले: सदर लाकूड अर्जदाराने स्वतः, चौकशी न करता आणले. सकाळी तेच वाक्य मावशींच्या दारात उभे राहून म्हटले. त्या आत जाऊन डबा घेऊन आल्या. "सोता सांगाले उनात म्हनीसन देस," एवढेच बोलल्या.

उत्तरे आली. महापालिकेच्या माणसाने फोनवर सांगितले की राख कचऱ्याच्या गाडीत टाका. मंडळाने कारखान्याकडे बोट दाखवले. कारखान्याने कळवले की असे लाकूड आमच्या आवारात कधी नव्हतेच. मी प्रत्येकाला पुन्हा लिहिले, पुन्हा पोच घेतली.

सहाव्या पत्रानंतर कारखान्याकडून एक टेम्पो आला. उतरलेला गृहस्थ सभ्य होता. माल आत्ताच नेतो म्हणाला, फक्त एक सही हवी. त्याच्या छापील, कारखान्याचा शिक्का मारलेल्या कागदावर मजकूर असा: कारखान्याच्या जुन्या कूलिंग टॉवरचे साधे जळाऊ लाकूड व साधी राख परत मिळाली, तक्रार उरली नाही.

सोसायटीतली माणसे खाली जमली. "नाना, करी टाका ना सही. घरमातून तर जाई," कोणीतरी म्हणाले. जाईल, पण कुठे? जळाऊ म्हणून गेलेले लाकूड कडोदऱ्याच्या एखाद्या चहावाल्याच्या चुलीत किंवा बारडोलीकडच्या एखाद्या गुऱ्हाळात जळेल, आणि साधी राख खाडीत पडेल. मी 'साधे' हा शब्द दोन्ही ठिकाणी खोडायला सांगितले. त्याला तो अधिकार नव्हता.

मावशी पुढे झाल्या. "सादी राख है तो थोडी घर लेके जा ना, भाई. बायकोकू बोल, बर्तन घास."

"माजी, मने तो सही लेवानुं कह्युं छे," तो खाली पाहत म्हणाला.

"दोन प्रती आणल्यात ना? एक माझी," मी म्हणालो. त्याने दिली. टेम्पो रिकामा गेला. जमलेल्यांपैकी काहींनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे सोडले आहे. त्यांच्या नाराजीची मला जाणीव आहे.

जे लाकूड आपल्याकडे कधी नव्हतेच असे कारखाना लेखी सांगत होता, ते आपलेच असल्याचे त्याने स्वतःच्या शिक्क्यानिशी माझ्या हाती दिले होते. त्या कागदाची नक्कल जोडून मी मंडळाला सातवे पत्र पाठवले आहे. कारखान्याने हा माल त्याच्या खऱ्या नावाने न्यावा आणि अशा कचऱ्यासाठी नेमलेल्या जागी पोचवल्याचा दाखला द्यावा. तोवर गॅलरी माझी आहे. कपडे आम्ही आत वाळवतो.