मामांनी बंद केलेला नळ

माझ्या मामांनी एकदा बंद केलेली वस्तू उघडणारा माणूस धाराशिव जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे, असं आमच्या घरात सगळेच मानत. मामा येडशीला रेल्वेत गँगमन होते आणि रुळांचे नट आवळता आवळता त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट आवळायची सवय लागली होती. ते हुरड्याची पिशवी पाठवायचे, तिची गाठ सोडवताना आईची नखं तुटायची. शेवटी ती विळीवर दोरी कापायची आणि पुढच्या खेपेला मामा विचारायचे, "दोरी कुठं हाय माझी?" मामी गेल्यावर मी त्यांना धाराशिवला माझ्याकडं आणलं, तर पहिल्याच आठवड्यात माझ्या बायकोला मोरीतल्या नळाजवळ पकड टांगून ठेवावी लागली. मामांच्या नंतर अंघोळीला जाणारा ती पकड घेऊनच नळाला भिडायचा. "बंद म्हंजी बंद," मामा म्हणायचे. "थेंब गळाला तर त्यो बंद कसला?"

येडशीला ते आडाचं पाणी शेंदायचे, लाकडं फोडायचे, दरीतल्या रामलिंगाच्या देवळाच्या पायऱ्या उतरून पुन्हा चढायचे. माझ्याकडं मात्र मी त्यांना इकडची काडी तिकडं करू दिली नाही. त्यांनी भाजीची पिशवी उचलली की मी ओढून घ्यायचो, जमिनीवर बसायला लागले की खुर्ची पुढं करायचो. "अरं, माझं हात काय खुंटीला टांगू का?" असं ते कुरकुरायचे. पण शेजारी म्हणायचे, भाचा असावा तर असा, आणि ते ऐकायला मला फार गोड वाटायचं. मामांचं पोट सुटलं तेव्हा तर त्यांची तब्येत सुधारली असं मी सगळ्यांना सांगत फिरलो.

मग नळ टिपकायला लागला. बायकोनं आनंदानं पकड कपाटात टाकली आणि मी वायसर बदलला. पुन्हा टिपकला, पुन्हा बदलला. तिसऱ्या खेपेला नळवाल्यानं नळ फिरवून बघितला आणि म्हणाला, "साहेब, वायसर नवाकोरा हाय. बंद कोण करतंय त्येंचं बघा." मी हसलो आणि एका बोटानं बंद होणारा दांडीचा नळ बसवून घेतला. पुढं खुर्चीतून उठताना मामांना दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागू लागला, तेव्हा मी खुर्चीवर जाड उशी टाकली. रस्ता ओलांडायला त्यांना वेळ लागू लागला, तर मी त्यांना रस्त्यावरच जाऊ देईना. जी खूण दिसली ती मी सोयीनं झाकत गेलो.

एकदा मोरीत खाली बसलेले मामा उठेचनात, तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी मुठीत दाबायचं एक यंत्र दिलं. मामांनी दातओठ खाऊन दाबलं. काटा जेमतेम हलला. "यंतर गंजलंय, बाई. तेल घाला," मामा म्हणाले. बाईंनी ते स्वतः दाबून दाखवलं. काटा सर्रकन पुढं गेला. मामा त्या काट्यावरून आपल्या मुठीकडं बघायला लागले. मग हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं, ते दोनदाच उठले. बाईंनी त्यांची चाल बघितली, अंगात मांस किती उरलंय ते मोजलं आणि म्हणाल्या, "सार्कोपेनिया."

"एवढं लांबलचक? आमी तर त्याला म्हातारपण म्हणतो."

"म्हातारपणी थोडं मांस सगळ्यांचंच झडतं, आजोबा. पण ताकद इतकी उतरली की तो आजार. वजनावर जाऊ नका. मांस गेलंय आणि त्याची जागा चरबीनं घेतलीय." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "घरी काय काम करतात हे?"

"काहीच नाही," इतकी वर्षं मिरवलेलं उत्तर मी त्या दिवशी पुटपुटलो. मामा लगेच म्हणाले, "त्येचा दोष न्हाय, बाई. लई जीव लावतो."

डाळ, अंडी आणि रोज हात न टेकता खुर्चीतून उठणं, एवढंच औषध होतं. मला नेमून दिलेलं काम म्हणजे आधार न देता नुसतं जवळ उभं राहणं. मामांनी अट घातली, "पाच बार उठलो की येडशीला, माझ्या घरी." मी हो म्हणालो. उठताना त्यांच्या मांड्या थरथरायच्या, माझा हात आपोआप पुढं जायचा आणि ते खेकसायचे, "मागं सर, भाचेबुवा! आजून आजारी पाडतूस का?" चौथ्या खेपेवर ते कितीतरी दिवस अडले होते. मला मनातून ते बरं वाटत होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या सोमवारी मामा पाचव्यांदा उठले. थोडे डोलले, सावरले आणि ताठ उभे राहिले.

"येडशीची सकाळची पहिली गाडी कवा हाय रं?"

मला वेळ तोंडपाठ आहे. "बघून सांगतो," मी म्हणालो. खुर्ची मागंच होती, पण मामा बसले नाहीत. उभ्यानंच माझ्या उत्तराची वाट बघत राहिले.